बंदी सर्वांना, भुर्दंड काहींना

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या सार्वजनिक शाळा सप्टेंबर २०२५ मध्ये उन्हाळी सुटीनंतर उघडल्या त्या एका नव्या कायद्यासह. पहिली घंटा होण्यापासून शेवटची घंटा होईपर्यंत विद्यार्थ्याने शाळेच्या आवारात कोठेही इंटरनेट असलेला मोबाइल फोन वापरता कामा नये, असे हा कायदा सांगतो. मनाई केवळ तासापुरती नाही. मधल्या सुटीत, भोजनगृहात आणि जिन्यातही ती लागू आहे. असा निर्बंध घालणारे न्यूयॉर्क हे काही पहिले राज्य नव्हे. फ्लॉरिडाने २०२३ साली तासाच्या वेळी फोन वापरण्यास मनाई केली. लॉस एंजलिसच्या शाळामंडळाने जून २०२४ मध्ये बंदीचा ठराव केला. अटलांटिकच्या पलीकडे फ्रान्सने तर २०१८ सालीच प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळांतून फोन हद्दपार केला होता. तरीही न्यूयॉर्कच्या निर्णयाकडे निराळ्या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे. कारण या राज्यातील सर्वांत मोठ्या शहराने ही बंदी यापूर्वी एकदा घालून पाहिली आहे आणि एकदा उठवूनही पाहिली आहे. एखादा नियम दोन्ही बाजूंनी अनुभवण्याची संधी शासनसंस्थांना क्वचितच मिळते, आणि त्या अनुभवातून काही शिकण्याची बुद्धी त्याहूनही क्वचित होते.

'पब्लिक स्कूल' हा शब्द आपल्याकडे काहीसा फसवा आहे. डेहराडून किंवा पाचगणी येथील श्रीमंत निवासी शाळांना आपण या नावाने ओळखतो. अमेरिकेत त्याचा अर्थ नेमका उलट आहे. करदात्यांच्या पैशांवर चालणारी, फी न घेणारी आणि वस्तीतल्या कोणत्याही मुलाला दार उघडे ठेवणारी शाळा म्हणजे पब्लिक स्कूल. आपल्या महानगरपालिकेच्या शाळेची ती बहीणच. फक्त तेथे बारावीपर्यंत शिकवितात. न्यूयॉर्क शहरात अशा शाळांतून आज सुमारे ९ लाख मुले शिकतात. त्यांतील बहुसंख्य मुले कष्टकरी, कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकन आणि स्थलांतरित कुटुंबांतील आहेत. ज्यांना परवडते त्यांच्यापैकी अनेकजण खाजगी शाळा गाठतात. तेव्हा सार्वजनिक शाळेतील मोबाइलचा प्रश्न हा शिस्तीचा प्रश्न जितका आहे, तितकाच तो सामान्य माणसाच्या मुलाला राज्य कोणत्या अटींवर शिकविते याचाही प्रश्न आहे.

पेजरपासून प्रारंभ

या बंदीचा उगम मोबाइल फोन सामान्यांच्या हाती येण्यापूर्वीचा आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या मोठ्या शहरांत अमली पदार्थांच्या व्यापाराने थैमान घातले होते, आणि विक्रेत्यांच्या कमरेला पेजर लटकलेला असे. विद्यार्थ्याजवळ पेजर सापडला म्हणजे तो त्या धंद्यात गुंतला आहे असा तर्क करण्यात येई. मेरिलँडसारख्या राज्यांनी तर विद्यार्थ्यांनी पेजर बाळगण्याविरुद्ध कायदाच केला. न्यूयॉर्क शहराच्या शाळाखात्यानेही असाच नियम केला होता. पुढे पेजर गेला, त्याच्या जागी मोबाइल आला, आणि जुना नियम नव्या यंत्राला आपोआप लागू पडला. नियमाचे मूळ कारण संपले तरी नियम जिवंत राहतो, हा कारकुनी व्यवहारातील अनुभव न्यूयॉर्कमध्येही आला.

परंतु अनेक वर्षे हा नियम कागदावरच होता. मुले फोन दप्तरात ठेवीत, शिक्षक काणाडोळा करीत आणि सर्वांचे ठीक चाले. हे चित्र पालटले ते २००६ साली. मायकेल ब्लूमबर्ग तेव्हा महापौर होते आणि शाळांचा कारभार २००२ पासून थेट महापौरांच्या हाती आला होता. शाळांत शस्त्रे येऊ नयेत म्हणून त्यांच्या प्रशासनाने एप्रिल २००६ मध्ये फिरत्या धातुशोधक यंत्रांची योजना सुरू केली. कोणत्याही दिवशी, कोणत्याही शाळेच्या दारात ही यंत्रे उभी राहू लागली. त्यांना चाकू-सुरे थोडेच सापडले. फोन मात्र हजारोंच्या संख्येने सापडले आणि जप्त झाले.

प्रशासनाची बाजू अगदीच लंगडी होती असे नाही. फोनवरून परीक्षेत उत्तरे पुरविली जातात, कपडे बदलण्याच्या खोलीत छायाचित्रे घेतली जातात, मारामारीसाठी बाहेरून टोळकी बोलाविली जातात, असे शाळाप्रमुख जोएल क्लाइन आणि महापौर सांगत असत, आणि शिक्षकांना ते खोटे वाटत नसे. पालकांचे दुःख निराळे होते. न्यूयॉर्कमध्ये माध्यमिक शाळा निवडण्याची मुभा आहे. त्यामुळे ब्राँक्समधील मुलगी मॅनहॅटनमध्ये, क्वीन्समधला मुलगा ब्रुकलिनमध्ये शिकायला जातो; तास-तास, दीड-दीड तास भुयारी रेल्वेने प्रवास करतो. आईवडील दोघेही कामावर. त्यातच ११ सप्टेंबर २००१ ची आठवण ताजी होती. जागतिक व्यापार केंद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या स्टायव्हसंट हायस्कूलच्या मुलांना त्या सकाळी धुळीच्या लोटातून पायी उत्तरेकडे चालत जावे लागले होते. आपले मूल कोठे आहे हे कळावे, एवढीच पालकांची मागणी होती. वर्गात फोन वाजावा असे त्यांपैकी कोणीही म्हणत नव्हते. शाळेत येता-जाता तो मुलाजवळ असावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

काही पालकांनी २००६ च्या उन्हाळ्यात न्यायालयात धाव घेतली. नगरपरिषदेने पालकांच्या बाजूने कायदा केला, महापौरांनी तो नामंजूर केला, २००७ साली परिषदेने तो पुन्हा संमत केला, आणि व्यवहारात काहीही बदलले नाही. २००८ साली अपील न्यायालयानेही बंदी ग्राह्य धरली. फोन बाळगू द्यायचा आणि वापरू द्यायचा नाही, असा नियम केला तर त्यावर लक्ष ठेवण्यातच शिक्षकांचा वेळ जाईल, म्हणून बाळगण्यावरच बंदी घालणे हे अविवेकाचे म्हणता येणार नाही, असा न्यायालयाच्या युक्तिवादाचा आशय होता. कायद्याच्या दृष्टीने तो बिनतोड असेल. पण शाळेच्या दरवाजाबाहेर काय घडेल याचा विचार न्यायालयापुढे नव्हता.

शाळेसमोरची मोटार

दरवाजाबाहेर जे घडले ते असे. ज्या शाळांच्या दारात धातुशोधक यंत्रे कायमची बसविलेली होती, तेथे फोन लपवून आत नेणे अशक्य होते. शहरातील सुमारे ८८ शाळाइमारती या प्रकारच्या होत्या आणि त्या प्रामुख्याने गरीब, कृष्णवर्णीय व लॅटिन वस्त्यांतील होत्या. या इमारतींसमोर सकाळी सातच्या सुमारास मोठ्या बंद मोटारी येऊन उभ्या राहू लागल्या. मोटारीच्या बाजूला एक खिडकी असे. मुले रांगेत उभी राहत, खिडकीतून फोन आत देत, सोबत एक डॉलर देत आणि क्रमांकाची पावती घेऊन शाळेत जात. दुपारी शाळा सुटली की पुन्हा रांग, पुन्हा खिडकी. जवळपासचे वाणीही हाच उद्योग करू लागले; पाव आणि दुधाच्या शेजारी फळीवर मुलांचे फोन रचून ठेवलेले असत.

एक डॉलर ही रक्कम अमेरिकेत क्षुल्लक वाटेल. हिशेब मात्र करून पाहावा. शाळेचे वर्ष १८० दिवसांचे, म्हणजे एका मुलामागे वर्षाला १८० डॉलर. २०१२ साली न्यूयॉर्कमधील किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर होते. तेव्हा एका मुलाचा फोन मोटारीत ठेवण्यासाठी त्याच्या आईला वर्षाकाठी २५ तास राबावे लागत होते. घरात शाळेत जाणारी दोन मुले असली तर हा आकडा दुप्पट होई. सरकारी शाळा विनाशुल्क असते, या तत्त्वाला त्या रांगेत रोज सकाळी एक डॉलरचे भोक पडत होते. एका वृत्तपत्राने त्याच वर्षी अंदाज केला होता की, सबंध शहरातील मुले या कामी वर्षाला सुमारे ४२ लाख डॉलर खर्च करीत असावीत. याच वर्षी ब्राँक्समध्ये अशा एका मोटारीवर दरोडा पडला आणि मुलांचे फोन लुटले गेले. ज्या सुरक्षिततेच्या नावाने फोन शाळेबाहेर ठेवायचे, ती सुरक्षितता अशी रस्त्यावर उघडी पडली.

आता याची दुसरी बाजू. ज्या शाळांच्या दारात यंत्र नव्हते, तेथे बंदी तीच होती, परिपत्रक तेच होते आणि सही-शिक्काही तोच होता. परंतु तेथे मुलाने फोन दप्तरात ठेवावा आणि मुख्याध्यापकाने तो पाहू नये, असा अलिखित करार होता. सुखवस्तू वस्तीतील मुलाला त्या बंदीची झळ लागली नाही. नियम सर्वांना सारखा, अंमलबजावणी मात्र वस्ती पाहून. पुढे महापौर झालेले बिल डी ब्लासिओ यांनी तर आपला मुलगा सार्वजनिक शाळेत फोन घेऊन जातो, हे मोकळेपणाने सांगून टाकले. महापौरांच्या मुलाला जे विनामूल्य मिळत होते, त्यासाठी ब्राँक्समधील बस-वाहकाच्या मुलाला रोज एक डॉलर मोजावा लागत होता. या विसंगतीवर अधिक भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

डी ब्लासिओ यांनी जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठविण्याची घोषणा केली आणि २ मार्च २०१५ पासून ती उठली. मोटारी गेल्या, तो डॉलर वाचला. परंतु नव्या व्यवस्थेत प्रत्येक शाळेने आपापला नियम करावा, असे ठरले. अमेरिकेत इतरत्रही तेव्हा हेच वारे वाहत होते. फोनला मनाई करणाऱ्या सार्वजनिक शाळांचे प्रमाण देशभरात २००९-१० मध्ये सुमारे ९१ टक्के होते. २०१५-१६ मध्ये ते ६६ टक्क्यांवर आले. फोन हे शिक्षणाचे साधन होईल, प्रत्येक खिशात एक ग्रंथालय असेल, अशी भाषा शिक्षणतज्ज्ञ त्या वर्षांत करीत होते. खिशात ग्रंथालय आले हे खरे. पण त्याच खिशात नाटकगृह, बाजार, जुगाराचा अड्डा आणि चव्हाटाही आला.

दरम्यान फोन स्वतःच बदलला होता. २००६ साली जप्त झालेला फोन बोलण्याचे आणि संदेश पाठविण्याचे यंत्र होते. त्यानंतरच्या दहा वर्षांत तो मुलाचे लक्ष वेधून घेऊन ते जाहिरातदारांना विकणाऱ्या कंपन्यांचा प्रतिनिधी बनला. २०२३ साली एका अमेरिकन संस्थेने ११ ते १७ वर्षांच्या सुमारे २०० मुलांच्या फोनची प्रत्यक्ष नोंद घेतली, तेव्हा त्यांतील निम्म्या मुलांना दिवसाकाठी २३७ किंवा त्याहून अधिक सूचना येत असल्याचे आढळले. ९७ टक्के मुले शाळेच्या वेळेत फोन वापरीत होती. दिवसातून दोनशेहून अधिक वेळा कोणी खांद्यावर थाप मारू लागले, तर प्रौढ माणसाचेही चित्त ठिकाणावर राहणार नाही. मग पंधरा वर्षांच्या मुलाने बीजगणितात मन रमवावे, ही अपेक्षा करणाऱ्याने आधी ती थाप थांबविण्याची व्यवस्था केली पाहिजे.

ही व्यवस्था करण्याचे काम २०१५ नंतर शिक्षकाच्या गळ्यात पडले. तीस-चौतीस मुलांचा वर्ग, पंचेचाळीस मिनिटांचा तास, आणि दिवसाला असे पाच तास. पहिल्या तासाचा शिक्षक कडक, दुसऱ्या तासाची शिक्षिका सौम्य, तिसरा शिक्षक कंटाळलेला. मुलांना प्रत्येकाची नाडी ठाऊक. फोन मागितला की वाद, वाद झाला की वर्गाचे लक्ष गेले, आणि फोन घेऊन तो हरवला तर नुकसानीची जबाबदारी शिक्षकावर. तासातील पाचच मिनिटे या झटापटीत गेली असे धरले, तरी अध्यापनाचा नववा हिस्सा बुडाला. १८० दिवसांच्या वर्षात ते २० दिवस होतात. या धबडग्याला कंटाळूनच राज्यातील शिक्षक संघटनेने अखेर पूर्णवेळ बंदीची बाजू घेतली. तिला शिस्तीचा सोस होता म्हणून हे घडले नाही. प्रत्येक तासाला नवे युद्ध लढण्यापेक्षा दारातच एकदा तह व्हावा, हा त्यामागील व्यवहारी विचार होता.

लाभ कोणाला?

बंदीने मुलांचे भले होते काय, या प्रश्नाचे उत्तर संशोधकांनी एका सुरात दिलेले नाही. इंग्लंडमधील चार शहरांतील ९१ शाळांचा अभ्यास करून बेलंड आणि मर्फी या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ साली निष्कर्ष मांडला, की फोनवर बंदी आल्यानंतर सोळा वर्षांच्या मुलांचे परीक्षेतील गुण सुधारले. आठवड्याला एक तास जादा शिकविल्याने जेवढा फायदा व्हावा तेवढा झाला. स्वीडनमध्ये तशाच पद्धतीने केलेल्या अभ्यासात असा फायदा दिसून आला नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ साली ३० शाळांतील मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांच्या मते शाळेत फोन बंद असला म्हणून मुलांचे मानसिक स्वास्थ्य सुधारत नाही, कारण घरी गेल्यावर ती फोन हातात घेतातच. पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय चाचणी २०२२ साली झाली, तेव्हा सरासरी ६५ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्या स्वतःच्या उपकरणामुळे गणिताच्या काही तासांत तरी आपले लक्ष विचलित होते असे सांगितले; ५९ टक्के विद्यार्थ्यांनी दुसऱ्याच्या उपकरणाबद्दल तीच तक्रार केली. हा दुसरा आकडा अधिक बोलका आहे. मुलाने स्वतःचे नुकसान करून घ्यावे की नाही यावर वाद होऊ शकेल. शेजारच्या बाकावरील मुलाचे नुकसान करण्याचा हक्क मात्र त्याला कोणी दिलेला नाही.

इंग्लंडच्या अभ्यासातील एक गोष्ट मात्र न्यूयॉर्कच्या संदर्भात नजरेआड करता येत नाही. बंदीमुळे सरासरी गुण वाढले ते कोणाच्या जोरावर? वर्गात जी मुले सर्वांत मागे होती त्यांची प्रगती सरासरीच्या दुपटीहून अधिक झाली. जी मुले सर्वांत पुढे होती त्यांच्यावर बंदीचा काहीच परिणाम आढळला नाही. फोन असो वा नसो, ती आपला अभ्यास करीतच होती. म्हणजे बंदीची सर्वाधिक गरज ज्या मुलाला आहे, तो मागच्या बाकावरचा, घरी शिकवणी नसलेला मुलगा. न्यूयॉर्कच्या पहिल्या बंदीने नेमक्या त्याच मुलाकडून रोज डॉलर वसूल केला आणि ज्याला बंदीने तोटाही नव्हता आणि फायदाही नव्हता त्याला मोकळे सोडले. २०१५ मध्ये जेव्हा ही बंदी अन्यायकारक म्हणून काढून टाकण्यात आली, तेव्हा अन्याय बंदीत होता की वसुलीत, याचा निवाडा करण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. अन्याय टाळण्याचा सोपा मार्ग म्हणून बंदीच काढली, आणि मागच्या बाकावरच्या मुलाची त्यानंतरची दहा वर्षे पडद्यावर बोट फिरविण्यात गेली.

फ्लॉरिडातील अनुभव हीच गोष्ट दुसऱ्या रीतीने सांगतो. तेथील एका मोठ्या शहरी जिल्ह्याचा अभ्यास अर्थतज्ज्ञांनी २०२५ साली प्रसिद्ध केला. दुसऱ्या वर्षी मुलांचे गुण सुधारले आणि विनाकारण गैरहजेरीही कमी झाली. परंतु पहिल्या वर्षी शाळेतून तात्पुरते काढून टाकण्याच्या शिक्षा एकदम वाढल्या, आणि त्या वाढीचा भार कृष्णवर्णीय मुलांवर विशेष पडला. वर्गात राहून शिकावे म्हणून ज्याचा फोन काढून घेतला, त्यालाच फोनपायी वर्गाबाहेर घालवून देण्यात आले. न्यूयॉर्कमध्ये भुर्दंड डॉलरच्या रूपाने होता, फ्लॉरिडात तो बुडालेल्या दिवसांच्या रूपाने आला.

बंदीच्या विरोधकांचा एक मुद्दा अधिक गंभीर आहे आणि तो थट्टेवारी नेण्याजोगा नाही. अमेरिकन शाळांत बंदुकीने हत्याकांडे होतात. २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधील युवाल्डे गावच्या प्राथमिक शाळेत १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. आत अडकलेल्या मुलांनी फोनवरून पोलिसांना विनवण्या केल्या होत्या. अशा देशात आईने मुलाच्या हातातला फोन सोडण्यास नकार दिला, तर तिला अडाणी म्हणणारा माणूस निर्दय म्हटला पाहिजे. पोलीस अधिकारी सांगतात, की अशा प्रसंगी फोनच्या आवाजाने वा उजेडाने लपलेले मूल सापडू शकते, आणि शेकडो फोन एकदम सुरू झाल्याने संपर्कयंत्रणा कोलमडते. तेही खरे आहे. परंतु युवाल्डेमध्ये फोन पोहोचला होता, मदत आवारात आलीही होती. शस्त्रसज्ज पोलीस ७७ मिनिटे बाहेर थांबले होते. त्या आईची भीती फोनने निर्माण केलेली नाही आणि फोनने ती जाणारही नाही. बंदुकीवर कायदा करण्याचे धैर्य ज्यांना झाले नाही, त्यांनी फोनवर तत्परतेने कायदा केला, असे एखाद्या पालकाने म्हटले तर त्याला उत्तर देणे तेथील राज्यकर्त्यांना जड जाईल.

गव्हर्नर कॅथी होकल यांच्या पुढाकाराने मे २०२५ मध्ये संमत झालेल्या नव्या कायद्यात जुन्या चुकांची जाणीव दिसते, हे मान्य केले पाहिजे. फोन ठेवण्याची सोय शाळेने करावयाची आहे आणि त्यासाठी राज्याने १ कोटी ३५ लाख डॉलरची तरतूद केली आहे. पालकाला दिवसा मुलाशी संपर्क साधता येईल असा एक तरी मार्ग शाळेने ठेवलाच पाहिजे. मधुमेहासारख्या आजारासाठी, भाषांतरासाठी, अपंगत्वामुळे लागणाऱ्या साहाय्यासाठी किंवा घरात कोणाची शुश्रूषा करावी लागणाऱ्या मुलासाठी सवलत आहे. इंटरनेट नसलेला साधा फोन बाळगता येतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे केवळ फोन वापरला एवढ्या कारणासाठी विद्यार्थ्याला शाळेतून निलंबित करता येणार नाही. बंदी ज्याने घातली त्याने तिचा खर्च सोसावा, हे साधे तत्त्व इतक्या वर्षांनी कायद्यात उतरले.

ते व्यवहारात कितपत उतरेल, हे शाळेगणिक ठरणार आहे. काही शाळांनी चुंबकी कुलपाच्या कापडी पिशव्या घेतल्या. मुलाने फोन पिशवीत टाकायचा, पिशवी स्वतःजवळच बाळगायची, आणि शाळा सुटल्यावर दारातील यंत्राला लावून ती उघडायची. अशा एका पिशवीला २५ ते ३० डॉलर पडतात. पिशवीत जुना, मेलेला फोन टाकून खरा फोन खिशात ठेवण्याची युक्ती मुलांनी लवकरच शोधून काढली. मुलांनी ती शोधली नसती तरच शिक्षकांनी काळजी करावी. काही शाळांनी लाकडी कप्पे केले, तर काहींनी दप्तरात फोन बंद करून ठेवण्यावर भागविले. धातुशोधक यंत्राच्या रांगेपुढे आता फोन जमा करण्याची दुसरी रांग ज्या शाळांत लागेल, तेथे मुलाला सकाळी अर्धा तास लवकर यावे लागेल. जेथे यंत्रच नाही तेथे तो अर्धा तास झोपेचा राहील. डॉलरचा भुर्दंड गेला तरी वेळेचा भुर्दंड शिल्लक राहू शकतो.

कायद्याची एक मर्यादा अशी, की तो विद्यार्थ्यालाच बांधतो. तासाच्या मध्यावर मुलाला येणाऱ्या संदेशांत मित्रांच्या थट्टेइतकेच आईबापांचे निरोपही असतात, ही शिक्षकांची जुनी तक्रार आहे. महामारीच्या काळात, २०२० साली, याच शहराच्या शाळाखात्याने सुमारे ३ लाख आयपॅड विकत घेऊन मुलांच्या हाती दिले होते, आणि पडद्यासमोर बसणे हीच तेव्हा हजेरी होती. ज्या कंपन्यांनी मुलांना गुंतवून ठेवण्यात आपला नफा पाहिला, त्यांच्यावर न्यूयॉर्क शहराने फेब्रुवारी २०२४ मध्ये खटला भरला खरा. पण न्यायालयाच्या पायऱ्या झिजविण्यास वेळ लागतो आणि मुलाकडून फोन काढून घेण्यास लागत नाही. वडीलधाऱ्यांनी स्वतःवर बंधन घालून घेतल्याचे उदाहरण पाहायचे तर सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव आठवते. तेथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा होतो आणि दीड तास घरोघरचे दूरदर्शनसंच आणि फोन बंद राहतात. मुलांचे, आणि त्यांच्यासोबत मालिका पाहू इच्छिणाऱ्या आजी-आजोबांचेही. तीन-साडेतीन हजार वस्तीच्या गावातील भोंगा न्यूयॉर्कमध्ये चालणार नाही हे उघडच आहे. पण मुलाने अभ्यास करावा म्हणून घरातील मोठ्या माणसानेही काही सोडावे लागते, ही गोष्ट त्या गावाला कायद्यावाचून उमगली.

न्यूयॉर्कच्या कायद्यात शेवटी एक कलम आहे, त्याची चर्चा फारशी झालेली नाही. प्रत्येक शाळा-जिल्ह्याने सप्टेंबर २०२६ पासून दरवर्षी एक अहवाल प्रसिद्ध करावयाचा आहे. फोनच्या नियमाखाली मागील वर्षी कोणत्या वंशाच्या, कोणत्या थरातील मुलांवर कारवाई झाली, त्यांत विषमता आढळली काय, आणि आढळली असल्यास ती दूर करण्यासाठी काय योजिले आहे, हे नाव न घेता त्यात सांगावयाचे आहे. २००६ ते २०१५ या नऊ वर्षांचा असा अहवाल कोणी लिहिला नाही. तो मोटारीच्या खिडकीतून मिळणाऱ्या पावत्यांवर लिहिला जात होता आणि दुपारी फोन परत घेताना मुले तो फेकून देत होती. या वेळी तो छापील रकान्यांत येणार आहे. ज्या इमारतींच्या दारात धातुशोधक यंत्रे आजही उभी आहेत, त्या इमारतींसमोरचा आकडा काय निघतो, एवढेच त्यात आधी पाहावयाचे.